पाऊण पगाराच्या बायका

१९५८ सालीं ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स या राज्याच्या कायदेमंडळानें स्त्रियांच्या वेतनासंबंधीं एक कायदा केला. पुरुष जें काम करतो तेंच काम स्त्री करीत असेल, तर तिला पुरुषाइतकेंच वेतन मिळावें, आणि ही समानता एकदम न आणतां १९६३ पर्यंत पायरीपायरीनें आणावी, असें त्या कायद्याचें सामान्य स्वरूप होतें. मजूरसंघांनीं आणि विशेषतः शिक्षिकांनीं त्यासाठीं पुष्कळ वर्षें झगडा केला होता, आणि शिक्षिकांच्या पदरांत त्याचें फळही पडलें. परंतु कायदा करणाऱ्या शहाण्यांनीं त्यांत एक पळवाट ठेविली होती. जें काम मूलतः किंवा नेहमींच्या वहिवाटीनें स्त्रियांचेंच म्हणून समजलें जातें, त्याला हा नियम लागू नाहीं, असें त्यांत म्हटलें होतें. आतां बायकांचे झगे बायकांना विकणें हें पुरुषाचें काम आहे, असें कोणत्या न्यायाधीशापुढें कोण सिद्ध करणार? सिडनीच्या मोठमोठ्या दुकानांत काळा पोशाख करून दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या स्त्रिया त्या एका वाक्यामुळें कायद्याच्या उंबरठ्याबाहेर राहिल्या.

या उंबरठ्याबाहेरच्या बायकांवर एक लहानशी कादंबरी आहे, आणि त्या कादंबरीवरून रचलेलें एक संगीत नाटक आहे. दोन्ही कृति विनोदी, प्रसन्न आणि शेवट गोड करणाऱ्या आहेत. वेतनाचा कायदा हा त्यांपैकीं एकीचाही विषय नाहीं. आम्हांस प्रश्न पडतो तो असा, कीं ज्या काळांत इतकें कडू होतें त्याची आठवण इतकी गोड कां व्हावी; आणि ती गोडी खोटी समजावयाची कीं काय?

कादंबरीचें नांव ‘द विमेन इन ब्लॅक’. ती १९९३ सालीं लंडनच्या आंद्रे डॉइच या प्रकाशनसंस्थेनें प्रसिद्ध केली. लेखिका मॅडलिन सेंट जॉन. बाईंची ही पहिलीच कादंबरी, आणि ती प्रसिद्ध झाली तेव्हां त्यांचें वय एकावन्न वर्षांचें होतें. जन्म १९४१ सालचा, सिडनींतला. वडील नांवाजलेले बॅरिस्टर, पुढें संघराज्याच्या प्रतिनिधिगृहांतही निवडून गेलेले. आई पॅरिसहून आलेली. मुलगी बारा वर्षांची असतांना आई अकालीं गेली, आणि बापलेकींचीं मनें त्यानंतर जीं दुरावलीं तीं पुन्हां नीटशीं जुळलीं नाहींत. सिडनी विद्यापीठांत शिकून बाईंनीं १९६५ सालीं देश सोडला. प्रथम अमेरिका, मग लंडन. आणि लंडनलाच २००६ सालीं त्यांचें निधन झालें. मधल्या काळांत त्यांनीं पुस्तकांच्या व जुन्या वस्तूंच्या दुकानांत नोकऱ्या केल्या. आठ वर्षें खपून मादाम ब्लाव्हाट्स्कीचें चरित्र लिहिलें, आणि शेवटीं स्वतःच्याच हातानें तें नष्ट करून टाकलें. (१८७९ सालीं मुंबईस येऊन गिरगांवांत थिऑसफीचें बिऱ्हाड थाटणारी बाई ती हीच. तिच्या चरित्राच्या नादीं लागणाराची आठ वर्षें फुकट जावीं यांत आम्हांस तरी नवल वाटलें नाहीं.) पुढें १९९७ सालीं त्यांची ‘द एसेन्स ऑफ द थिंग’ ही कादंबरी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादींत आली. त्या वर्षींचें पारितोषिक अरुंधती रॉय यांना मिळाल्यामुळें त्या यादीची बातमी आपल्याकडे घरोघर पोंचली होती. पण यादींतल्या या नांवाकडे आपलें लक्ष गेलें नाहीं.

हा तपशील देण्याचें कारण एवढेंच, कीं ‘द विमेन इन ब्लॅक’ हें एका परागंदा बाईनें तीसपस्तीस वर्षांच्या आणि अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावरून आठवलेलें शहर आहे. ज्या घरांत सुख मिळालें नाहीं त्या घरच्या गांवाचें चित्र बाईंनीं इतक्या मायेनें काढावें, ही गोष्ट मनांत ठेवूनच पुस्तक वाचावें लागतें. ज्याला आपण स्मरणरंजन म्हणतों तें बहुधा सुखवस्तु माणसांचें असतें. हें तसें नाहीं.

कथा थोडक्यांत सांगतां येते. काळ १९५९ च्या सुमाराचा, दिवस नाताळच्या आधींच्या उन्हाळ्याचे. कारण तिकडे नाताळ ऐन उन्हाळ्यांत येतो. स्थळ सिडनींतलें गूड्स नांवाचें मोठें दुकान. हें नांव कल्पित आहे. परंतु १८३८ पासून चालत आलेल्या डेव्हिड जोन्सच्या दुकानाची छाया त्यावर पडली आहे, असें सिडनीचे लोक मानतात. तेथें बायकांच्या झग्यांच्या विभागांत पॅटी विल्यम्स आणि फे बेन्स काम करतात. पॅटी विवाहित आहे. मूल नाहीं, आणि नवरा फ्रँक हा घरांत असून नसल्यासारखा. फे तिशीकडे झुकलेली, एकटी, पुरुषांच्या पोकळ आश्वासनांना विटलेली. मिस जेकब्स ही वयस्क बाई झगे अंगाबरोबर बेतून देण्याचें काम पाहते. पलीकडच्या दालनांत, जेथें एकेका नमुन्याचा एकेकच उंची झगा टांगलेला असतो, तेथें माग्दा राज्य करते. ही स्लोव्हेनियाची निर्वासित. नवरा स्टेफान हंगेरीचा. आणि या सगळ्यांत हंगामापुरती म्हणून आलेली शाळकरी मुलगी, लेस्ली माइल्स. शाळेची शेवटची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत असतांना ती दुकानांत लागते, आणि लेस्ली हें नांव आवडत नाहीं म्हणून अर्जांत स्वतःचें नांव लिसा लिहून देते. पुढचें सारें या एका खोट्या नांवांतून उगवतें. माग्दा तिला आपल्या घरीं नेते, चांगलें खाऊं घालते, चांगले कपडे कसे ओळखावे तें शिकविते. फे माग्दाच्या घरच्या मेजवानींत रूडी नांवाच्या हंगेरियन तरुणाला भेटते. पॅटीचा नवरा एके दिवशीं कांहीं न बोलतां नाहींसा होतो आणि पुन्हां परत येतो. आणि लिसाचा निकाल लागतो. एवढ्या बेताच्या घटनांवर कादंबरी उभी आहे. प्रकरणें आंखूड, वाक्यें त्याहून आंखूड, आणि निवेदिकेचा स्वर असा, कीं ती कोणावर रागावली आहे कीं कोणावर जीव टाकते आहे तें पान उलटेपर्यंत कळत नाहीं.

कादंबरीच्या मागें जो इतिहास आहे तो जरा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण त्यावांचून या बायकांच्या हंसण्याबोलण्याचा अर्थ पुरता लागत नाहीं. १९०७ सालीं न्यायाधीश हिगिन्स यांनीं हार्व्हेस्टर नांवाच्या कारखान्याच्या प्रकरणीं प्रसिद्ध निवाडा दिला. सुधारलेल्या समाजांत माणसासारखें राहतां येईल एवढें वेतन कामकऱ्याला मिळालेंच पाहिजे, आणि तें धंद्याच्या नफ्यावर नव्हे तर कुटुंबाच्या गरजेवर ठरलें पाहिजे, हें तत्त्व त्यांनीं घालून दिलें. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि तीन मुलें. वेतन दिवसाला सात शिलिंग. जगांतल्या मजुरांनीं हेवा करावा असाच हा निवाडा होता. परंतु त्याच्या पोटांतच स्त्रीविषयींचा निकाल लागून चुकला होता. कुटुंब पोसणारा तो पुरुष असें एकदां ठरल्यावर नोकरी करणारी स्त्री ही आपोआप कोणाची तरी मुलगी किंवा कोणाची तरी होणारी बायको ठरली; तिला कुटुंबाचें वेतन कशाला? १९१२ सालीं याच हिगिन्ससाहेबांपुढें फळबागांतल्या मजुरांचें प्रकरण आलें. झाडावरचीं फळें तोडणें हें पुरुषांचें काम, म्हणून तें करणाऱ्या बाईला पुरुषाइतकें वेतन, नाहीं तर मालक पुरुषांना काढून स्वस्त बायका ठेवतील. पण तींच फळें खोक्यांत भरणें हें बायकांचें काम, म्हणून त्याला कमी वेतन, असा निवाडा झाला. फळ तेंच, बाग तीच, हात बहुधा तेच. समान वेतनाची पहिली देणगी स्त्रियांना मिळाली ती पुरुषांच्या नोकऱ्या राखण्यासाठीं मिळाली, ही गोष्ट आमच्या मतें त्या साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. १९५८ च्या कायद्यांतला अपवाद म्हणजे शेहेचाळीस वर्षांपूर्वींच्या या फळबागेचाच वारसा होता.

१९१९ पासून स्त्रीचें मूळ वेतन पुरुषाच्या शेंकडा ५४ इतकें धरलें जाऊं लागलें. दुसऱ्या महायुद्धांत पुरुष रणांगणावर गेले, तेव्हां १९४२ सालीं स्त्रियांच्या नोकऱ्यांसाठीं स्वतंत्र मंडळ नेमलें गेलें, आणि पुरुषांच्या जागीं लागलेल्या बायकांना शेंकडा ९० पर्यंत वेतन मिळूं लागलें. युद्ध संपलें, मंडळ गेलें. परंतु ज्या बायकांनीं नव्वद पाहिले होते त्यांना पुन्हां चौपन्नावर आणणें सोपें नव्हतें. १९५० सालीं लवादाच्या न्यायालयानें मधला आंकडा काढला : शेंकडा ७५. पाऊण पगार तो हा. १९५९ सालीं पुरुषाचें मूळ वेतन आठवड्याला तेराचौदा पौंडांच्या घरांत होतें. बाईचें दहाच्या आसपास. संघराज्याच्या सरकारी खात्यांत तर लग्न होतांच बाईची कायम नोकरी संपत असे, आणि हा नियम १९६६ पर्यंत चालू होता. खाजगी दुकानांत अशी सक्ती नव्हती, हें पॅटीच्या उदाहरणावरूनच दिसतें. पण वातावरण त्याच नियमाचें होतें. नोकरी म्हणजे लग्नाच्या गाडीची वाट पाहण्याचा फलाट. गाडी आली तर नोकरी सुटे, आणि न आली तर फलाटावरच जन्म जाई. फेच्या वाढत्या वयाची जी धास्ती कादंबरीभर पसरली आहे ती केवळ प्रीतीची भूक नव्हे. तींत या दहा पौंडांचाही हिशेब आहे.

आतां नाटकाकडे वळूं. २००९ च्या सुमारास मेलबर्नच्या टेक्स्ट या प्रकाशनसंस्थेनें ही कादंबरी पुन्हां छापली, आणि विसरलेल्या पुस्तकाला त्याच्या मायदेशीं नवे वाचक मिळाले. त्यांत टिम फिन हे न्यूझीलंडचे प्रसिद्ध गायक व गीतकार होते. त्यांना या गद्यांत गाणीं ऐकूं आलीं. सायमन फिलिप्स यांनीं दिग्दर्शन केलें, कॅरोलिन बर्न्स यांनीं संवाद लिहिले, नेपथ्य व पोशाख गाब्रिएला टिलेसोव्हा यांचे. ‘लेडीज इन ब्लॅक’ या नांवानें २०१५ च्या नोव्हेंबरांत क्वीन्सलंड थिएटर कंपनीनें तें ब्रिस्बेनला प्रथम रंगभूमीवर आणलें. पुढच्या वर्षीं मेलबर्न, आणि २०१७ सालीं ज्या गांवची कथा त्या सिडनीस तें पोंचलें. २०१६ चें हेल्पमन पारितोषिक, नव्या ऑस्ट्रेलियन कृतीचें, त्याला मिळालें. नांवांत ‘विमेन’च्या जागीं ‘लेडीज’ आलें याचें कारण लंडनच्या रंगभूमीवर वर्षानुवर्षें चाललेलें ‘द वुमन इन ब्लॅक’ हें भुताचें नाटक असावें. प्रेक्षक भुताच्या आशेनें येऊन झग्यांचें दुकान पाहून परत जाऊं नयेत, एवढाच हेतु. कारण कांहींही असो, बदल फार बोलका आहे. दुकानाच्या पाटीवर ‘लेडीज’ या शब्दाचा मान गिऱ्हाइकिणीकडे जातो. नाटकानें तो विकणाऱ्या बाईकडे नेऊन दिला.

संगीत नाटक कसें असावें हें मराठी वाचकाला शिकवावें लागत नाहीं. पद यावयाचें तें बोलणें जेथें अपुरें पडतें तेथें. बोलणें चांगलें चाललें असतां पद आलें कीं प्रेक्षक चुळबुळ करूं लागतो. या कसोटीला हें नाटक उतरावयाचें तर तें माणसांच्या निवडीमुळेंच. या बायका दिवसभर जें बोलतात तें विकत घेणाऱ्यासाठीं बोलतात : माप, रंग, किंमत, ‘आपल्याला फार शोभतो’. त्यांचें स्वतःचें बोलणें दुकान उघडण्याच्या आधीं आणि मिटल्यानंतर. कादंबरींत ही चोरटी जागा निवेदिकेनें भरून काढली होती. रंगभूमीवर निवेदिका नाहीं. म्हणून ती जागा पदांनीं घेतली. हा कांहीं लहानसहान फरक नव्हे. कादंबरींत या बायकांच्या मनांतलें दुसरी एक हुशार बाई आपल्याला सांगते. नाटकांत त्या स्वतः पुढें येऊन आपल्या तोंडानें सांगतात. ज्यांना गिऱ्हाइकाच्या वरचढ दिसूं नये म्हणून काळा पोशाख घालावयास लावलें, त्यांनींच भर उजेडांत पुढें येऊन गावें, यांत जो न्याय आहे तो कादंबरीला साधणारा नव्हता.

पोशाखाचीही तीच गोष्ट. उंची झग्यांचें वर्णन वाचणें वेगळें आणि काळ्या रांगेच्या मधून एक पांढराशुभ्र, तलम झगा येतांना पाहणें वेगळें. लिसाचा ज्यावर जीव जडतो त्या झग्याचें नांव लिसेट. त्याची किंमत गिनींत. एकवीस शिलिंगांची ही गिनी, नाण्याच्या रूपानें केव्हांच नाहींशी झालेली, श्रीमंती मालाच्या चिठ्ठीवर मात्र जिवंत होती. ऑस्ट्रेलियांत १९६६ सालीं दशमान चलन आलें आणि तीही गेली. दहा पौंड मिळविणारीनें आठवड्यांमागून आठवडे कांहीं न खातां साठवावें तेव्हां असा झगा घेतां यावा. हें गणित नाटकांत कोणी मांडून दाखवीत नाहीं. परंतु प्रेक्षकाचे डोळे काळ्यावरून पांढऱ्यावर जातात तेवढ्यांत तें त्याला कळून जावें. रंगभूमीचा इतिहासाला जो उपयोग होतो तो असा, न बोलतां.

मात्र एके ठिकाणीं नाटकानें कादंबरीचा तोल बिघडविला आहे असें आम्हांस वाटतें, आणि नेमकें तेंच पद सर्वांत अधिक गाजलें आहे. कादंबरींत फ्रँकविषयीं निवेदिका मोठ्या शांतपणें सांगते, कीं हा मनुष्य नालायक खरा, पण नेहमींच्या मापाचा नालायक. दारूबाज नाहीं कीं मारकुटा नाहीं. त्या शांतपणांत विष आहे. नाटकांत त्या एका शिवीचें ठसकेबाज पद झालें, आणि बायकांच्या मेळ्यानें पुरुषजातीचा उद्धार करावा अशी ती जागा झाली. टाळ्यांसाठीं याहून चांगली जागा सांपडणार नाहीं. पण पाहा, त्यामुळें दोष कोणाच्या माथीं बसतो? नवरा नालायक ठरतो, आणि वेतनाचें पत्रक निर्दोष सुटतें. फ्रँक नाहींसा झाल्यावर पॅटीपुढें जो अंधार पसरतो तो फ्रँक वाईट म्हणून नव्हे. पाऊण पगारांत घर चालत नाहीं म्हणून. हिगिन्ससाहेबांच्या हिशेबांत पॅटीचा पाव हिस्सा फ्रँकच्या खिशांत जमा होता, आणि फ्रँक तर खिशासकट गेला. यावर पद रचणें कठीण, हें आम्हांस मान्य आहे. तरी पण तें रचावयास हवें होतें.

येथें दुसऱ्या एका नाटकाची आठवण होते. त्याच काळांत, त्याच काळाविषयीं, १९५५ सालीं मेलबर्नला रे लॉलर यांचें ‘समर ऑफ द सेव्हन्टीन्थ डॉल’ रंगभूमीवर आलें. त्यांतल्या ऑलिव्ह आणि पर्ल या दारूच्या गुत्त्यावर नोकरी करणाऱ्या बायका. ऑलिव्हचा प्रियकर रू हा क्वीन्सलंडला ऊसतोडीचें काम करतो आणि दरवर्षीं मोकळ्या महिन्यांत एक बाहुली घेऊन तिच्याकडे येतो. सतराव्या वर्षीं त्याचें अंग थकतें, नोकरी सुटते, आणि तो तिला लग्नाचें विचारतो. फे बेन्स ज्या शब्दांची जन्मभर वाट पाहते ते शब्द ऐकून ऑलिव्ह संतापानें बेभान होते आणि त्याला झिडकारते. तिला लग्न नको असतें, तिला तिचे सोळा उन्हाळे परत हवे असतात. काळाच्या आंत बसून लिहिणाऱ्या लेखकाला काम करणारी बाई अशी दिसली : फलाटावरच सुखी असलेली, आणि म्हणून अखेर उद्ध्वस्त होणारी. साठ वर्षांनीं मागें वळून पाहणाऱ्यांना ती वेगळी दिसली. त्यांना माहीत होतें, कीं पुढें दारें उघडलीं. म्हणून लिसाच्या नाटकांत सारीं दारें पुढच्या बाजूस उघडतात. दोहोंपैकीं कोणतें चित्र खरें हें विचारण्यांत अर्थ नाहीं. पण इतिहास शिकणाराला १९५५ चें नाटक १९५५ विषयीं सांगतें, आणि २०१५ चें नाटक बरेंचसें २०१५ विषयीं सांगतें, एवढा भेद त्यानें विसरूं नये.

हा भेद माग्दाच्या बाबतींत फार स्पष्ट होतो. महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियानें यूरोपांतल्या छावण्यांतून सुमारें एक लाख सत्तर हजार निर्वासित आणले. आगबोटीच्या तिकिटाच्या बदल्यांत दोन वर्षें सरकार सांगेल तें काम करावयाचें, अशी अट होती. वैद्य हमाली करीत आणि शिकलेल्या बायका भांडीं घाशीत. १९५६ च्या उठावानंतर आणखी चौदा हजारांच्या आसपास हंगेरियन आले. या लोकांना ‘रेफो’ म्हणून हिणवीत. त्यांच्या कॉफीला, लसणाला आणि मोठ्यानें बोलण्याला लोक नाकें मुरडीत. गूड्सच्या बायका माग्दाला भितात आणि मागें तिची निंदा करतात, तें यामुळें. कादंबरीनें आणि नाटकानें हें चित्र उलटें केलें : जी परकी तीच या शहराला खाणें, पिणें, नेसणें आणि वाचणें शिकविते. दुकानांतल्या मधल्या सुटींत लिसा जी ‘अ‍ॅना कारेनिना’ वाचते ती फेच्या हातांत जाते, आणि या परक्यांच्या घरीं पुस्तकें हीं भांड्यांइतकींच रोजच्या वापराचीं असतात.

हें सारें खरें, आणि वाचतांना सुख देणारें. परंतु माग्दाच्या मेजवानींत कोण आहे हें पाहतांना कोण नाहीं हेंही आपल्यासारख्यांच्या नजरेंत आल्यावांचून राहत नाहीं. १९०१ च्या कायद्यानें गोऱ्यांवांचून इतरांना त्या देशाचीं दारें बंद केलीं होतीं. परक्याला यूरोपांतल्या हव्या त्या भाषेंत शुद्धलेखन घालून नापास करण्याची जी युक्ति होती ती १९५८ सालीं रद्द झाली, तरी धोरण पुरतें गेलें तें १९७३ सालीं. म्हणजे लिसा ज्या उन्हाळ्यांत उदार जगाचें पहिलें दर्शन घेते, त्या उन्हाळ्यांत तुमच्याआमच्यापैकीं कोणी सिडनीच्या बंदरांत उतरून कायमचें घर मागितलें असतें तर तें मिळालें नसतें. आणि ज्यांची ती भूमि मुळांत होती त्यांच्यापैकीं कोणी त्या झग्यांच्या विभागांत ना काउंटरच्या अलीकडे दिसतो ना पलीकडे. २०१६ च्या शिरगणतींत भारतांत जन्मलेले साडेचार लाखांवर लोक ऑस्ट्रेलियांत होते. त्यांत मराठी कुटुंबेंही आहेत. त्यांच्यांतल्या कोणी हें नाटक पाहिलें असेल तर माग्दावर हंसणाऱ्या बायकांचे टोमणे त्यांना ओळखीचे वाटले असतील. त्यांच्यापुढें माग्दाचें कौतुक करणें म्हणजे झालें तें बरें झालें असें स्वतःला सांगणें होय; २०१५ च्या ऑस्ट्रेलियाला तें सांगून घेण्याची गरज होती.

राहिला लिसाचा बाप. हा वर्तमानपत्राच्या छापखान्यांत खिळे जुळविणारा कामकरी. दुसऱ्यांचे शब्द जुळवून याचें पोट भरतें, आणि मुलीनें विद्यापीठांत जाऊं नये हा त्याचा हेका. सेंट जॉनबाईंनीं या माणसाला खलपुरुष केला नाहीं, हें त्यांचें मोठेपण. स्वतःच्या विद्वान् वडिलांविषयीं इतकें मोठें मन त्यांना जमलें नव्हतें; छापखान्यांतल्या या अडाणी बापाला मात्र त्यांनीं पुस्तकाच्या अखेरीस क्षमा केली. त्या काळीं वयाचीं एकवीस वर्षें पुरीं होईपर्यंत मुलगी कायद्यानें अज्ञान. बापाच्या संमतीवांचून पुढें पाऊल पडत नसे. परंतु १९५१ पासून संघराज्याच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या होत्या. वर्षाला तीन हजार हुशार मुलांची फी सरकार भरूं लागलें होतें, आणि त्यांत मुलींना मज्जाव नव्हता. बापाचा नकार आतां पैशाच्या आधारावर उभा नव्हता, नुसत्या नकारावर उभा होता; आणि असा नकार फार दिवस टिकत नाहीं. लिसाच्या घरांत जें विरघळलें तें आईच्या आंसवांनीं किंवा माग्दाच्या मेजवानीनें विरघळलें असें कथा सांगते. आम्ही त्यांत या शिष्यवृत्तीचाही हात पाहतों.

तेव्हां ती गोडी खोटी नव्हे. फळबागेपासून चालत आलेला हिशेब जसा खरा, तसाच हाही खरा, कीं त्या हिशेबाच्या आंत राहूनही या बायकांनीं एका शाळकरी मुलीला स्वतःपेक्षां पुढें पाठविलें. पगाराच्या पत्रकांत ही नोंद सांपडत नाहीं. कादंबरींत ती आहे, आणि नाटकांत ती गाऊन दाखविली आहे.

१९६९ सालीं ऑस्ट्रेलियाच्या लवादानें समान कामाला समान वेतन मान्य केलें, आणि पुन्हां बायकांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या कामांना वगळलें. १९७२ च्या डिसेंबरांत तो अपवाद गेला. कामाचें मोल समान असेल तर वेतन समान, असें ठरलें. लिसा तेव्हां तिशीची झाली असेल. फे चाळिशीच्या पुढें. मिस जेकब्स, जी नोकरीला लागली असेल तेव्हां दर शेंकडा ५४ चा असेल, ती हयात असलीच तर केव्हांच घरीं बसली असेल, आणि तिच्या म्हातारपणाची शिल्लक त्याच दरानें सांठलेली असेल. कादंबरींतल्या सर्वांच्या घरांत आपल्याला नेणाऱ्या निवेदिकेनें या एका बाईच्या दारावर टकटक केलेली नाहीं. ती कोठें राहते, तिचें कोण आहे, नाताळच्या दिवशीं ती काय करते, हें कोणाला ठाऊक नाहीं. गळ्यांत मापाची फीत अडकवून आणि टांचण्या हाताशीं ठेवून ती वांकते आणि दुसरीच्या झग्याची कड खालून सारखी करीत राहते.